आनी मागीर?

चवथीच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, २०२५ ची आमची गोव्यातली गणेशचवथ, आरतीला अजून अर्धा तास होता आणि पाऊस असा धरून होता की राजांगणातल्या तुळशीपलीकडचं काही दिसत नव्हतं. सोप्यावर पोरांनी शामेळ आणि कांसाळं आणून ठेवलेली, आतून खतखत्याचा वास येत होता, तिरफळांचा, आणि बापू भिंतीला टेकून मांडीवर घुमट, म्हणजे एका तोंडाला चामडं ताणलेलं मातीचं मडकं, घेऊन बसलेले. बापू म्हणजे माझे मोठे काका, वय ८४, आयुष्यभर मराठी प्राथमिक शाळेत मास्तर. हल्ली त्यांचा उजवा हात थरथरतो म्हणून आरतीला घुमट पोरं वाजवतात, पण आरतीआधी ते मांडीवर घेऊन बसायचा हक्क त्यांचाच. पावसाने चामडं सैल पडलेलं, काकीने निखारे आणून ठेवले होते आणि ते घुमट त्यावर धरून, फिरवून, मधेच बोटाने टिचकी मारून कान लावत होते. मी बाजूला बसून फोनवर एक क्लिप ऐकत होते, तीच तीच, आणि त्यांनी विचारलं सारखं काय ऐकतेस गो बाय, तर मी फोन त्यांच्या कानाशी धरला.

दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याचा आवाज. म्हणजे खरा आवाज नव्हे, अवकाशच ताणलं-आकसलं गेलं त्याची लाट, पण तिची कंपनं योगायोगाने आपल्या कानाच्या टप्प्यात बसणारी म्हणून स्पीकरवर लावली की ऐकू येते. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांनी पकडलेली, माणसाने पकडलेली पहिली गुरुत्वीय लाट. सगळी मिळून सेकंदाचा पाचवा हिस्सा. खालून, अगदी खर्जातून सुरू होते आणि वर वर चढत जाते आणि टुप् करून संपते. बापूंनी तीन-चारदा ऐकली. परत लाय, परत लाय. मग काही न बोलता त्यांनी घुमट नीट धरलं, डाव्या हाताचा तळवा मागच्या लहान तोंडावर घेतला आणि उजव्या हाताच्या बोटांनी चामड्यावर हळू हळू ठोके द्यायला लागले, ठोके जवळ जवळ येत गेले, डावा तळवा उघडझाप करत आवाज वर चढवत गेला, घुम घुम घुमघुमगुम्, आणि शेवटी तळव्याने तोंड बंद. मी चाट पडले. ज्याला लोक चिर्प म्हणतात, पक्ष्याची चिवचिव, ते घुमटावर इतकं जसंच्या तसं निघेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. थरथरत्या हाताने काढलेलं, तरी.

मग मास्तर जागे झाले. मी सांगितलं एक होतं साधारण ३६ सूर्यांच्या वजनाचं, दुसरं २९, दोन्ही मिळून झालं ते ६२. त्यांनी लगेच बोट वर केलं. ३६ आणि २९ म्हणजे ६५. तीन खंय गेले?

याचं उत्तर मला येत होतं आणि ते मी नीट दिलं. ते तीन सूर्य म्हणजेच ही लाट. तीन सूर्यांचं अख्खं वस्तुमान ऊर्जा होऊन त्या अर्ध्या क्षणात चहूकडे निघून गेलं. आपला सूर्य जन्मभर, हजार कोटी वर्षं जळून स्वतःच्या वजनाचा हजारावा हिस्साही उजेडात बदलत नाही, आणि इथे तीन सूर्य. त्यांनी मान डोलावली, हिशोब जुळला होता. निखारे जरा सरकवले, घुमट परत फिरवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, आनी मागीर? आणि मग? त्या ६२ चें मागीर किदें?

आणि मी म्हटलं, मागीर काय ना. सोंपलें.

तेवढ्यात आरतीला हाक आली, सगळे उठले, समया, कापूर, पोरांचा आरडाओरडा, आणि माटोळीतल्या, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीतल्या, सुपाऱ्यांचे घोस त्या घुमटांच्या दणक्याने हलत होते तरी माझं लक्ष बापूंकडे. ते खांबाला धरून उभे होते आणि टाळ्या वाजवत नव्हते. मी घाईत बोलले होते. म्हटलं तर इतकी साधी गोष्ट, कोण लक्षात ठेवतं, पण पणजीला परत येताना बांदोड्याच्या चढावर, बँकेत वाउचर तपासताना, रात्री, मला ते आठवत राहिलं. कारण मी खोटं बोलले होते. सोंपलें हे खरं नव्हतंच. उलट सगळं मिसळणं ही त्या गोष्टीची सुरुवातीची एक ओळ आहे आणि पुढचं सगळं मी एका शब्दात पुसून टाकलं, तेसुद्धा अशा माणसासमोर ज्याने मला पाढे शिकवताना एकदाही "पुढे काय ते सोड" म्हटलं नव्हतं.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर डिचोलीला कुंभाराकडे गेले होते, घुमटाचं मडकं आणायला. तेव्हा घोरपडीच्या कातड्याबद्दल मोठी माणसं कुजबुजत बोलायची, कायद्याने बंद झालेलं, पुढे मग बकऱ्याचंच चामडं आलं. पण मडकं निवडणं हे बापूंचं खास काम. ओळीने मांडलेली मडकी, ते उकिडवे बसायचे, एकेक उचलायचे आणि बोटाच्या पेराने टक् करून वाजवायचे. कान अगदी जवळ. वरून सगळी सारखीच, पण एखाद्यात केसाएवढी चीर असली की टक् ऐवजी ठप् यायचं आणि ते बाजूला ठेवायचे. आत बघायची गरजच नाही, वाजवलं की ते सांगतं असं म्हणायचे. मी पण वाजवून बघायची, मला सगळी सारखीच वाटायची, आणि त्यांच्या शर्टाला ओल्या मातीचा आणि भट्टीच्या धुराचा वास यायचा परतीच्या बसमध्ये.

खूप वर्षांनी मी सी. व्ही. विश्वेश्वरा या भौतिकशास्त्रज्ञाबद्दल वाचलं तेव्हा मला तो कुंभारवाडाच आठवला. १९७० साली, कृष्णविवर खरंच असतं का याचीच बऱ्याच जणांना खात्री नव्हती तेव्हा, या बंगळुरूच्या माणसाने गणितात त्याला टिचकी मारून बघितली. म्हणजे कागदावरच्या कृष्णविवरावर गुरुत्वीय लाटांचा एक छोटा झोत सोडला आणि परत काय येतं ते बघितलं, आणि परत आला तो एक घुमणारा, विरत जाणारा सूर. ठरावीक सूर, झोत कसलाही सोडा. तो सूर आणि तो किती वेळात विरतो या दोन गोष्टींवरून कृष्णविवराचं वजन आणि ते किती जोरात गिरकी घेतंय ते कळतं. आत बघायची गरजच नाही, बघता येणारही नाही. मिसळल्यावर जे नवं कृष्णविवर तयार होतं ते सुरुवातीला वेडंवाकडं असतं आणि असंच वाजत वाजत गोल होतं, त्या क्लिपमधलं शेवटचं टुप् म्हणजे तेच. पुस्तकात सगळीकडे याला घंटेची उपमा देतात. मला ती पटत नाही. आमच्या देवळातली घंटा एकदा वाजवली की पायऱ्या उतरून तळीपर्यंत जाईतो कानात राहते. त्या ६२ सूर्यांच्या कृष्णविवराचा सूर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात मोजावा असे चार-पाच हिस्से, बस, तेवढ्यात मिटला. ती घंटा नव्हे. ते मातीचं मडकं आहे, पेराने वाजवलेलं, टक्. विश्वेश्वरा २०१७ च्या जानेवारीत गेले, म्हणजे पहिल्या लाटेची बातमी त्यांच्या हयातीत आली, ४५ वर्षांपूर्वी कागदावर वाजवलेलं मडकं खरोखर वाजलं हे त्यांना कळलं. याचा मला दर वेळी फार आनंद होतो, ओळख ना देख.

आणि ते गोव्यात आले होते! हे मला अगदी उशिरा कळलं. १९८७ च्या डिसेंबरात, १४ ते १९, गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचना या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद गोव्यात झाली, तिच्यातल्या निबंधांच्या ग्रंथाच्या संपादकांत नारळीकर, अजित केंभावी, बाला अय्यर आणि हे विश्वेश्वरा. त्याच वर्षी ३० मे ला गोवा राज्य झालेलं, शाळेत आम्हाला पेढे वाटलेले, तेवढंच मला आठवतं. जगातले कृष्णविवरांचे जाणकार इथे जमलेत हे आमच्या घरी कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं, तो सुगीनंतरचा काळ, बापू शाळा सुटल्यावर माळावर गवत वाळत घालायला जायचे. तेव्हा लायगो नव्हतं. लाटा सापडतील असं मानणारेही थोडे. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था व्हायची होती, जिथे पुढे संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या लाटा गोंगाटातून वेगळ्या कशा काढायच्या त्याचं गणित वर्षानुवर्षं घासलं. आता आपल्या हिंगोलीत, औंढा नागनाथला, लायगोचं भारतातलं यंत्र व्हायचं आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. चार चार किलोमीटरचे दोन बाहू. मला ते उभं राहिलेलं बघायचंय आणि बापूंनाही दाखवायचंय, जमेल का ते बघू.

मी आकाश बघायला शिकले ती पणजीत, जुन्ता हाउसच्या गच्चीवर. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी. खाली रस्त्यावर गाड्या, भजी तळल्याचा वास, मांडवीवरच्या बोटींची गाणी आणि वर दुर्बिणीसमोर रांग, एक डोळा मिटून शनीची कडी बघायची. कृष्णविवर काही तिथून दिसत नाही, कुठूनच दिसत नाही, पण तिथे उभं राहून मी पहिल्यांदा कुणालातरी विचारलं होतं की न दिसणाऱ्याचं माप कसं काढतात. उत्तर नीटसं आठवत नाही. वारा मात्र आठवतो, खारट, चष्म्याच्या काचेवर बसणारा. त्याच समुद्रावरून १९३० च्या पावसाळ्यात एकोणीस वर्षांचा चंद्रशेखर मुंबईहून बोटीने निघाला आणि वाटेत त्याने मांडलेल्या गणितातून पुढे ती मर्यादा आली, सूर्याच्या साधारण १.४ पट, तिच्यापेक्षा जड राख मागे उरली तर त्या ताऱ्याला श्वेतबटू, म्हणजे विझलेला लहानसा तारा, होऊन शांत बसता येत नाही. अरबी समुद्र बघितला की मला हटकून ते आठवतं.

१४ सप्टेंबर २०१५ ला आपल्या घड्याळात दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली होती. सोमवार. गुरुवारी चवथ होती. म्हणजे मी तेव्हा बँकेत, पर्समध्ये माटोळीच्या सामानाची यादी, बहुतेक चहाची वाट बघत असणार. १३० कोटी वर्षं चालत आलेली ती लाट आपल्या सगळ्यांतून गेली, बाजारातल्या कांगलांच्या घोसांतून, नेवऱ्यांच्या कणकेतून, बापूंच्या छातीतून. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत १०५ किलोमीटरचा अख्खा गोवा त्या लाटेने ताणला असेल तो फार तर एका प्रोटॉनच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शाइतका. आणि गंमत बघा, त्या ३६ सूर्यांच्या कृष्णविवराची त्रिज्या साधारण तेवढीच येते, गोव्याच्या लांबीएवढी. ३६ सूर्य, पत्रादेवी ते पोळे. अशी दोन, प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने एकमेकांभोवती फिरत.

तर मागीर.

चवथीनंतर दोन आठवड्यांत बातमी आली, १४ जानेवारी २०२५ ला पकडलेल्या एका लाटेचा निकाल. वजनं जवळजवळ पहिल्यासारखीच, अंतरही, पण दहा वर्षांत यंत्रं इतकी सुधारली की लाट कितीतरी स्वच्छ. त्यांनी मिसळण्याआधीच्या दोघांच्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ मोजलं, साधारण २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर. मिसळल्यावरच्या एकाचं, साधारण ४ लाख. महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांच्या वर काहीतरी, म्हणजे आधी दोघं मिळून महाराष्ट्राहून लहान आणि नंतर एकटंच महाराष्ट्राहून मोठं. वजन हरवलं तरी क्षेत्रफळ घटत नाही, स्टीफन हॉकिंगने १९७१ ला सांगितलेलं. त्या रात्री मी कालनिर्णयच्या मागे हे आकडे लिहून ठेवले, बापूंना सांगायला. बेरजेत तीन कमी आले आणि क्षेत्रफळात केवढं तरी जास्त, त्यांना हा हिशोब आवडणार हे मला माहीत होतं.

पण त्यांचा प्रश्न त्याच्याही पुढचा होता. त्या एकाचं पुढे काय. कधी मिसळताना लाटा एका बाजूला जास्त जोराने गेल्या तर नव्या कृष्णविवराला उलट धक्का बसतो आणि ते आपलं ताऱ्यांचं गाव सोडून भटकायला लागतं. कधी त्याला दुसरं कुणी भेटतं आणि परत मिसळणं होतं, २०२३ च्या नोव्हेंबरात पकडलेल्या एका लाटेत शेवटी साधारण २२५ सूर्यांचं झालं, आणि मिसळणारी दोघं इतकी जड होती की तीही आधी अशीच मिसळून तयार झालेली असावीत असं वाटतं. आणि नाहीच कुणी भेटलं, तर ते नुसतं असतं. अंधारात. इथे मी फार वेळ अडकले. हॉकिंगनेच १९७४ ला दाखवलं की कृष्णविवर पूर्ण काळं नसतं, त्याला किंचित ऊब असते आणि त्या उबेने ते झिजतं. पण जितकं मोठं तितकं थंड. ६२ सूर्यांचं असेल तर तापमान निरपेक्ष शून्याच्या, ज्याहून गार काही असूच शकत नाही त्याच्या, वर फक्त एक अब्जांश अंश. आणि सगळ्या विश्वात आज जी उरलीसुरली ऊब भरून आहे, महास्फोटानंतरची, ती त्याच शून्याच्या वर २.७ अंश. म्हणजे आज ते झिजतच नाहीये. बाहेरचं विश्व त्याच्यापेक्षा ऊबदार आहे, म्हणून ते अजून घेतंय, थेंब थेंब. आधी सगळं विश्व पसरून पसरून त्याच्याहून गार व्हायला हवं, मग कुठे याचं देणं सुरू होणार. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीत जाऊन उभी राहिले. मला वाईट वाटलं की बरं वाटलं, अजून सांगता येत नाही.

माघात मी गेले. बापू सोप्यावरच, पाय पसरून, काकी आत आमसुलं बरणीत भरत होती. मी म्हटलं बापू चवथीला मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्यांना कळलं कशाबद्दल ते. लगेच कळलं. मी कालनिर्णयचं पान काढलं, क्षेत्रफळाचा हिशोब सांगितला, त्यांनी महाराष्ट्राचा आकडा स्वतःच आधी सांगितला, शिकवलेला ना. मग झिजण्याचं. किती वर्षं? मी म्हटलं पाचावर ७२ शून्यं. विश्वाचं आजचं वय १३८० कोटी. त्यांनी माझं पेन घेतलं आणि पानाच्या कोऱ्या जागेत पाच लिहून शून्यं काढायला सुरुवात केली. हात थरथरत होता म्हणून शून्यं अंड्यासारखी येत होती, दहा झाली की थांबून मोजायचे, हे आमचं विश्व, म्हणायचे, आणि पुढे. तीस-बत्तिसाला ओळ संपली, दुसरी ओळ. मी मधे बोलले नाही. बाहेर कुणीतरी नारळ पाडत होतं, धप्प धप्प. ७२ वं शून्य कागदाच्या अगदी काठावर आलं.

मग मी शेवट सांगितला. की ते झिजतं तसं तापत जातं, आपला चहा गार होतो तसं नाही, उलट, जितकं देतं तितकं लहान, जितकं लहान तितकं गरम, आणि जितकं गरम तितकं भराभर देतं. ५ वर ७२ शून्यं एवढा सगळा काळ ते जवळजवळ काहीच करत नाही आणि सगळी घाई शेवटाला. हॉकिंगने हिशोब मांडला होता की शेवटच्या सेकंदाच्या दहाव्या हिश्शात दहा लाख हायड्रोजन बॉम्बइतकी ऊर्जा, आणि खगोलाच्या मानाने हा तसा लहान स्फोट असंही त्यानेच लिहिलंय. आत जे जे पडलं त्याचा माग त्या उजेडात राहतो की पुसला जातो यावर पन्नास वर्षं वाद चाललाय, हॉकिंग आधी पुसला जातो म्हणायचा, २००४ मध्ये त्याने स्वतःच मत बदललं आणि लावलेली पैज हरल्याचं मान्य केलं, वाद अजून आहेच. बापू ऐकत होते. म्हणजे हळू हळू आणि मग एकदम, ते म्हणाले, चिर्पासारखं. मी या दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. मिसळणं पण तसंच, कोट्यवधी वर्षं लांबून लांबून फिरणं आणि मग सेकंदाचा पाचवा हिस्सा.

ती क्लिप परत लाय म्हणाले. मी लावली. त्यांनी मान हलवली, सुरुवातीचं आयकूंक येना. बरोबर होतं त्यांचं, तो खर्ज इतका खाली आहे की फोनच्या एवढ्याशा स्पीकरला तो काढताच येत नाही, आपल्याला बहुतेक शेवटचं टुप् तेवढं मिळतं. खुंटीवरून घुमट काढ म्हणाले. मी काढलं, वरचं जुनं धोतराचं कापड सोडलं, चामडं आता उन्हाने कडक ताणलेलं होतं. त्यांनी मला मागच्या तोंडाशी फोन धरायला लावला, आत मातीत, आणि स्वतः पुढच्या चामड्यावर तळवा टेकवला, दाबून नव्हे, ताप बघतात तसा. लाय. मी लावली. मडक्यातून काहीतरी आलं, आधी कधी न ऐकलेलं, घोगरं, खालून सुरू होऊन वर जाणारं.

आतां येता, बापू म्हणाले, आणि तळवा तिथेच ठेवून डोळे मिटले. परत लाय.